कुडपणहून आलेलं तूप

रविवारी भरून आणलेल्या पिशवीत गुरुवारी संध्याकाळी काय उरलेलं असतं, हे मला पिशवी न उघडता सांगता येतं. दोन कांदे, एखादा बटाटा, वाटीभर तूरडाळ, लसणाच्या सात-आठ पाकळ्या. डब्यात सुकट असते, पण ती तीन माणसांच्या कालवणापुरती. चौथं माणूस धरायचं तर पाणी वाढवावं लागतं. शुक्रवार आणि शनिवार यावर काढायचे. रविवारी पुन्हा पिशवी.

महाडला आम्ही चौघं दोन खोल्यांत राहतो. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडून कामाला आहे. मी आधी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात बातम्या तपासायचे. ते कार्यालय बंद झालं. आता घरी बसून पानाच्या दराने मजकूर दुरुस्त करून देते. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच. भाडं, वीज, मुलाची शाळा आणि मोटारसायकलचा हप्ता गेल्यावर जे राहतं त्याचे मी चार भाग करते. एक भाग म्हणजे एका आठवड्याचं खाणं. पण महिन्यात चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवस असतात. ते दोन-तीन दिवस कोणत्याच भागात बसत नाहीत.

शिधापत्रिकेवर आमची नावं अजून कुडपणच्या घरात आहेत. कुडपण हे नवऱ्याचं गाव. पोलादपूरहून कापडे गाव ओलांडून गाडी घाट चढते आणि वर पठारावर जाऊन थांबते. रेशनचा तांदूळ तिथेच मिळतो आणि तिथून तो आमच्याकडे येतो. त्याच्याबरोबर नाचणी, कधी कुळीथ, आणि तुपाची एक बरणी. तांदूळ विकत घ्यावा लागत नाही म्हणूनच माझी विभागणी टिकते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्याच्या विरोधात जाणारं आहे.

गेल्या हिवाळ्यात अंगणवाडीत मुलीचं वजन नऊ किलो सहाशे भरलं. सेविकेने तक्त्यावर ठिपका दिला. तक्त्यात वर हिरवा पट्टा असतो, त्याखाली पिवळा, त्याखाली लाल. ठिपका पिवळ्यात पडला. आदल्या महिन्यातही तो पिवळ्यातच होता, पण हिरव्याच्या कडेला. आता तो खाली सरकला होता. सेविका माझ्याच वयाची आहे आणि उगाच घाबरवणारी नाही. तिने सांगितलं की ठिपका असाच खाली येत राहिला तर तिला वर कळवावं लागेल, आणि मग मुलीला सरकारी दवाखान्यात चौदा दिवस ठेवून घेतील. आईला सोबत राहावं लागतं.

चौदा दिवस मी काम केलं नाही तर ते काम दुसऱ्या कोणाकडे जातं आणि परत येत नाही. नवरा पाळीवर असताना मुलाला कोण पाहणार, हाही प्रश्न होता. हे दोन्ही मला घरी आल्यावर सुचलं. त्या वेळी मी ठिपका लालपासून किती लांब आहे ते बोटाने मोजत होते.

एका ठिकाणाहून मिळालेली माहिती दुसरीकडून तपासून घ्यायची सवय जात नाही. परतताना किराणा दुकानात थांबले आणि पोती तोलायच्या काट्यावर मुलीला उभं केलं. दुकानदाराने आकडा वाचला. साडेनऊ किलो.

“चपला घालून की काढून?” त्याने विचारलं.

“घालून.”

“मग अजून पन्नास कमी धरा, ताई,” तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची डाळ बांधायला लागला.

मुलगी खात नव्हती असं नाही. थोडं खायची आणि तोंड फिरवायची. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटातल्या पिठाचा शिरा केला की तो मुलगाच संपवायचा. भातावर तूप घातलं तर ती वासानेच मान मागे घ्यायची. जबरदस्ती केली तेव्हा दोनदा उलटी झाली. उकडलेलं अंडं मात्र पूर्ण खायची, पिवळं आधी, पांढरं नंतर. दूधही प्यायची, साखर नसली तरी. सेविकेचं म्हणणं होतं, रोज एक अंडं आणि दोन वेळा दूध द्या, महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसेल. मुलाच्या समोर एकटीला अंडं देता येत नाही, म्हणून रोज दोन अंडी.

रविवारच्या यादीत मी अंडी आणि जास्तीचं दूध लिहिलं. मग काय काढता येईल ते पाहिलं. तेल, डाळ, कांदे, बटाटे, आठवड्यातून दोनदा पालेभाजी, चहा, साखर, साबण. मासळी आधीच निघाली होती. बिस्किटं निघाली होती. डाळीच्या जागी आठवड्यातून तीन दिवस कुळथाचं पिठलं करतच होते, आणि नवरा डब्यात भाकरीबरोबर तेच नेत होता. कधीकधी डबा धुताना कळायचं की त्यातलं निम्मं पिठलं तसंच आहे. यादीत एकच ओळ अशी होती जी दर आठवड्याला नव्हती, पंधरवड्याला होती. काकांचं जेवण.

काका म्हणजे नवऱ्याचे चुलते, साठी ओलांडलेले. सरकारी दवाखान्यातून त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी पंधरा दिवसांच्याच मिळतात, म्हणून दर दुसऱ्या बुधवारी ते महाडला उतरतात. पहाटे घरातून निघतात, दवाखान्याच्या रांगेत उभे राहतात, गुरांसाठी पेंडीचं सांगून ठेवतात, आणि साडेबाराच्या सुमाराला सासूबाईंनी भरून दिलेली पिशवी घेऊन आमच्या दारात येतात. पिशवी घेऊन आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय पाठवायचं नाही, ही गावची रीत. तो नको म्हणाला तरी बसवायचं. वरून आलेल्या माणसाला डाळभातावर उठवायचं, हेही चालत नाही. पठारावर ताजी मासळी मिळत नाही आणि इथे बाजारात मिळते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. जाताना पिशवी रिकामी पाठवायची नाही. साखरेचा पुडा, चहाची पूड, सासूबाईंना आवडतात ती खारी बिस्किटं. आठवड्याच्या पैशांतला पाचवा भाग त्या एका दुपारी जायचा. तांदूळ फुकट येतो असं मी इतरांना सांगत असले तरी ते बरोबर नव्हतं.

हे मी नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं. तो रात्रपाळी करून आला होता आणि मोजे काढत होता. त्याने कागद पाहिला. काकांना जेवायला येऊ नका असं कोणी सांगायचं, एवढंच त्याने विचारलं. कोणीच नाही, असं मी म्हणाले. मग तो झोपला आणि मी कागदाच्या मागच्या बाजूला पुढच्या आठवड्याची यादी लिहिली.

तुपाचा विचार त्यानंतर आला. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. बाजारातल्या तुपावर त्यांचा विश्वास नाही आणि घरचं म्हशीचं तूप मिळालं तर हवं, असं त्या जिन्यात भेटल्या की सांगायच्या. अर्ध्या किलोच्या बरणीचे त्यांनी चारशे रुपये दिले. बरणी तेवढी धुऊन परत द्या, असं मी सांगितलं, कारण बरण्या गावच्या. दोनच आहेत; एक भरून येते तेव्हा दुसरी रिकामी होऊन वर जाते.

गावाहून आलेला वानवळा विकत नाहीत. शेजारी वाटीभर द्यायचा, तोही नुसता. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि शिकवावं लागलंही नसतं. सासूबाई पंधरा दिवस साय साठवतात, ताक करून लोणी काढतात, ते कढवतात. नातवंडं महाडला आहेत म्हणून बरणी महाडला येते. फोनवर त्यांनी विचारलं, पोरगी तूप खाते ना. खाते, असं मी सांगितलं. नवऱ्याला सांगितलं नाही. चारशे रुपयांत पंधरा दिवसांची दोघांची अंडी आली, आणि अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीबरोबर रोज आणखी एक छोटी पिशवी.

दुपारी अंगणवाडीतून आल्यावर मुलगी अंडं खायची. तिच्याशेजारी जमिनीवर बसून मी मजकूर दुरुस्त करायचे. एका अंड्याला तिला पंधरा ते वीस मिनिटं लागायची. मधेच ती पांढरं हातात धरून दुसरीकडे बघत बसली की मी काम थांबवून वाट पाहायचे. घाई केली तर तोंड बंद करायची. दर चार दिवसांनी किराणा दुकानात काट्यावर उभं करायचे. दुकानदार एक पोतं बाजूला सरकवायचा. काही वेळा आकडा वाढलेला असायचा, काही वेळा त्याच ठिकाणी. एकदा तो कमी झाला. दोन दिवस तिला सर्दी होती आणि तिने दूध नाकारलं होतं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक करायला उठले नाही. नवऱ्याने भात लावला, मुलाने ताटं घेतली, आणि सुकट भाजून तिघं जेवले.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीच्या काट्यावर नऊ किलो आठशे भरलं. ठिपका वर चढला, पण पिवळ्यातच राहिला. सेविकेने समजावून सांगितलं की वय वाढतं तसा पट्टाही वर जात असतो. ठिपका जागेवर राहायचा तरी वजन वाढावं लागतं. वाढ चांगली आहे, असंच चालू ठेवा, असं ती म्हणाली. असंच चालू ठेवायचं म्हणजे काय चालू ठेवायचं आहे, हे तिला माहीत नव्हतं.

तोपर्यंत दोन बरण्या गेल्या होत्या. त्यात एक अडचण मी धरली नव्हती. काका बरणी घेऊन येतात तेव्हा त्याच बरणीतलं तूप त्यांच्या भातावर वाढावं लागतं. बंद बरणी समोर ठेवून माणसाला कोरडा भात घालता येत नाही. त्यामुळे बाईंकडे बरणी दोन चमचे कमी जायची. त्यांनी तो विषय कधी काढला नव्हता.

तिसरी बरणी यायची त्या बुधवारी मी बाईंना सांगून ठेवलं होतं की रिकामी बरणी बाराच्या आत द्या. त्यांना उशीर झाला. काका जेवायला बसले होते. ताटात भात, त्यावर तूप, बांगड्याचं कालवण, दोन तुकडे. बाई पाऊण वाजता दारात उभ्या राहिल्या.

“घ्या तुमची बरणी, गरम पाण्याने धुतली आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांना ओट्यावरची भरलेली बरणी दिसली. “आलं वाटतं? आणि उघडलंतही? अहो, मागच्या वेळीही दोन चमचे कमी होतं. मी बोलले नाही. पण चारशे म्हणजे भरल्या बरणीचे, हो ना?”

मी हो म्हणाले. संध्याकाळी आणून देते, असंही म्हणाले. बाईंनी काकांना सावकाश जेवा म्हणून सांगितलं आणि त्या गेल्या.

काकांनी भात कालवायचं थांबवलं नाही. दोन घास घेतले. तिसऱ्या घासाच्या आधी विचारलं,

“चारशे दिलान?”

“हो.”

“आमच्या म्हशीला सांगाय हवं. तिला वाटतं, ती पोरांसाठी दूध देते.”

हा विनोद होता की टोमणा, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. वजन, तक्त्यातला ठिपका, चौदा दिवस, अंडी, दूध. क्रमाने आणि कमी शब्दांत, जशी मी बातमी लावत असे. ते काटे काढत ऐकत होते. मुलगी भिंतीला टेकून वाटीतलं अंडं खात होती. सांगून झालं तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“तूप नाय खात?”

“नाही. ओकते.”

“अंडा खाते?”

“रोज एक.”

“मंग ठीक हाय.” ते पाणी प्यायले. “वैनीला नको सांगू. ती रडायची नाय, पन साय साठवायची थांबल.”

वैनी म्हणजे माझ्या सासूबाई. मी मान हलवली. बांगड्याचा दुसरा तुकडा त्यांनी हात न लावता ताटाच्या कडेला ठेवला होता. उठताना तो पोरांना दे म्हणाले. मी साखरेचा पुडा आणि रिकामी बरणी पिशवीत घातली. त्यांनी ती घेतली, चपला घातल्या आणि गेले. संध्याकाळी मी बरणी बाईंकडे पोचवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि पावणेचारशे दिले.

पुढचे दोन आठवडे मी फोनची वाट पाहत होते. काका सांगणार नाहीत असं मला वाटत होतं, पण कुडपणच्या घरात एकदा ओटीवर बसलं की बोलणं कुठून कुठे जाईल याचा भरवसा नसतो. तूप थांबलं तर अंडी थांबणार होती. सासूबाईंना पुढे काय तोंड दाखवायचं, हाही विचार मनात होता, पण तो नंतरचा. आधी अंडी. सासूबाईंचा फोन एकदा आला. नाचणी दळून पाठवू की तशीच, एवढंच त्यांनी विचारलं.

मग बुधवार आला. घरात मासळी नव्हती आणि कामात उशीर झाला होता, म्हणून सव्वाबाराच्या सुमाराला मुलीला अंगणवाडीतून घेतलं आणि तशीच बाजाराकडे निघाले. रस्ता एसटी आगारासमोरून जातो. गाड्या लागलेल्या होत्या आणि बाकांवर बरीच माणसं होती. त्यांत काका बसले होते. पायाशी आमची पिशवी होती, तिचा निळा पट्टा मला लांबूनही ओळखता आला. मांडीवर फडकं पसरलं होतं आणि त्यावर नाचणीची भाकरी. भाकरी अर्धी झाली होती. ते तुकडा मोडत होते, लाल चटणीला लावत होते आणि समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत सावकाश चावत होते. शेजारच्या माणसाने काहीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी हाताने पोलादपूरच्या फलाटाची दिशा दाखवली.

आमच्या घरापासून आगार सात मिनिटांवर आहे. एरवी त्या वेळेला ते आमच्या दारात असायचे. भाकरी कुडपणहून बांधून आणलेली होती. म्हणजे हे त्यांनी पहाटेच, घरातून निघताना, ठरवलेलं होतं. सासूबाईंना त्यांनी काय कारण सांगितलं असेल ते मला माहीत नाही.

हाक मारता येईल एवढं अंतर होतं. मुलगी गाड्या बघत होती, तिचं त्यांच्याकडे लक्ष गेलं नाही. मी थोडा वेळ एका टपरीच्या आडोशाला उभी राहिले. मग वळले आणि घरी आले. बाजारात गेले नाही. मासळीचे पैसे पाकिटात तसेच राहिले.

घरी येऊन अंडी उकडायला ठेवली. मुलीला एक दिलं, शाळेतून आल्यावर मुलाला एक दिलं. वरण-भात केला होता. तो मी झाकून ठेवला.

काका तीन वाजता आले. पिशवी खाली ठेवली आणि पंख्याखाली बसले.

“जेवून आलोय,” ते म्हणाले. “दवाखान्यात एक वळखीचा भेटला. घरीच घेऊन गेला. सोडीचना.”

आमच्याकडे आग्रह एकदा करून भागत नाही. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते धरायचं नसतं, दुसऱ्यांदाही नसतं. तिसऱ्या वेळी ताट मांडूनच टाकायचं असतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. थोडा भात तरी घ्या, असं मी म्हटलं. त्यांनी तळहात आडवा धरला. मी पुन्हा म्हटलं नाही.

चहा केला. ते चहा पीत असताना मी पिशवी उतरवली. तांदूळ, दळलेली नाचणी, तुपाची बरणी. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती आणि झाकणावर फडकं दोरीने करकचून बांधलेलं होतं.

“ती उघडू नको,” काका म्हणाले. “तशीच दे.”

मुलगी त्यांच्या गुडघ्याजवळ जाऊन उभी राहिली होती. त्यांनी तिचं मनगट अंगठा आणि बोट यांच्यात धरून पाहिलं, जसं बैल बघताना खुराच्या वरचा भाग धरतात तसं. चार वाजता गाडीसाठी उठले. साखरेचा पुडा मी पिशवीत घातला, तो त्यांनी नाकारला नाही. तो वर सासूबाईंना दिसायला हवा होता.

त्या महिन्याच्या शेवटी वजन दहा किलो दोनशे भरलं. सेविकेने ठिपका दिला आणि पट्टी ठेवून पाहिला. हिरव्याच्या आत होता, कडेला चिकटून. तिने वहीत नोंद केली आणि पुढच्या मुलाला काट्यावर घेतलं. एवढ्यावर थांबवू नका, असं तिने मान खाली घालूनच सांगितलं. मी थांबवलेलं नाही. ठिपका मागच्या महिन्यात पुन्हा रेषेवर आला होता, या महिन्यात थोडा वर आहे.

हल्ली काका आपल्याकडे जेवत का नाहीत, असं नवऱ्याने एकदा विचारलं. दवाखान्याची वेळ बदलली, असं मी सांगितलं.

ते दर दुसऱ्या बुधवारी तीन वाजता येतात. जेवता का, असं मी एकदा विचारते. ते जेवून आलोय म्हणतात. कुठे, ते मी विचारत नाही.